भिंतीवरचा पास्कू

पाचूबंदरच्या सेबेस्टियनला वडील आठवतच नव्हते. तो पाळण्यात असताना पास्कू समुद्रावर गेला आणि होडी तेवढी परत आली. तेव्हापासून वडील भिंतीवर होते. कोट, टाय, भरघोस मिशी आणि मुलाचं प्रगतिपुस्तक मागणारी नजर. सेबेस्टियन त्यांना विचारून नोकरीला लागला, विचारूनच त्याने लग्न केलं. मिशीही त्याने तशीच ठेवली. "अगदी बापावर गेलाय," असं त्याच्या वयाचं अख्खं बंदर म्हणायचं.

यंदा फोटोला बुरशी धरली. सेबेस्टियन काच काढायला बसला तेवढ्यात लेक हिना धावत आली.

"डॅडी, ओढू नका! फोटो काचेला चिकटलाय. चेहरा काचेवरच राहील. काचेसकट स्कॅन करू."

तिने फ्रेम पालथी घालून गंजलेले खिळे काढले, मागचा पुठ्ठा उचलला. खाली आणखी एक फोटो होता. होडीला टेकलेले चार खलाशी.

हे ओळखणार कोण? पास्कूची धाकटी बहीण, एमिली आत्या, अर्नाळ्याला होती. नजर अजून शाबूत. फोटो टीपकागदात ठेवून बापलेक तिच्याकडे गेले.

आत्याने फोटो उजेडात धरला. "यो पास्कू."

"कोण?"

"तुझा बाप. तोंड वासून हसतोय तो."

सेबेस्टियनने मोबाईलवर भिंतीवरचा फोटो दाखवला. "मग हा कोण?"

"कोन जाने. स्टुडिओत टांगलेला होता. तुझ्या आईनं मागून आनला. पास्कूचा एवढाच फोटो, त्यात सगळे दात बाहेर. पोराला धाक कोनाचा, म्हनाली."

"आणि तू इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"तू कधी विचारलंस?"

सेबेस्टियनला आईचा राग येऊ लागला होता, पण फोटोकडे पाहता पाहता तो राहूनच गेला. मिशी नाही, अंगात फाटकी बनियन, डोळे गच्च मिटलेले. हिनापेक्षाही लहान पोरगा.

"एवढं काय हसतोय?" त्याने हळूच विचारलं.

"फोटोवाला मागं सरकता सरकता चिखलात बसला. कॅमेरा डोक्यावर धरून! पास्कू घरी येऊन जेवतानाबी हसत होता. ठसका लागला त्याला."

सेबेस्टियनने ते आत्याकडून दोनदा सांगून घेतलं. हिनाने फोटोच्या मागे, कडेला, हलक्या पेन्सिलीने चौघांची नावं लिहिली.

आता खलाशांचा मूळ फोटो अंधाऱ्या कपाटात आहे आणि त्याची प्रत भिंतीवर. कोटवाल्याला उतरवायला कोणाचा हात धजला नाही. शेवटी आईनेच निवडलेला माणूस. पाहुण्यांनी विचारलं तर सेबेस्टियन सांगतो, "हे वडील. आणि हे माझ्या अभ्यासावर लक्ष ठेवायचे."