फरजानाच्या नावावरची मिरची

सकाळी अकरापासून फरजानाने फोन चारदा बंद करून चारदा चालू केला होता. सिम काढलं, फुंकलं, परत घातलं. विमानाचं चित्र दाबलं, सोडलं. मेलचं अ‍ॅप उडवून नव्याने बसवलं. तरी तिचा एकुलता एक मेल फाटकात अडकलेल्या रिक्षासारखा जागच्या जागी धडधडत होता. खाली दोनच शब्द, 'रांगेत आहे.'

कुणाच्या रांगेत? पुढे आहे तरी कोण?

नाशिकच्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये तिची निवड झाली होती. सकाळी तिथल्या बाईंचा फोन आला, "फॉर्म तीनदा मेल केला मॅडम, तीनदा परत आला. आता फॉर्म राहू द्या. होकार आणि मार्कशीट तेवढी मेल करा. अर्ज केला त्याच आयडीवरून हं, व्हॉट्सअ‍ॅप चालणार नाही. पाचपर्यंत आलं नाही तर यादीतलं पुढचं नाव घेऊ."

गल्लीत कुणाचाही फोन रुसला की तो फरजानाच्या हातात यायचा. लोकांचे फोन तिने बोलते केले, आणि तिचाच मुका झाला! दात-ओठ खात तिने पुन्हा सगळं चाळलं. दोन वाजता मेलच्या माथ्यावर बारीक अक्षरांतली एक ओळ तिला दिसली. सकाळपासून ती तिथेच होती. 'जागा संपली आहे. मेल येणार नाहीत, जाणार नाहीत.'

जागा संपली? तिचे स्वतःचे मेल तर दोनशेसुद्धा नव्हते. मग जागा खाल्ली कुणी? तिने खात्यातला साठा उघडून पाहिला आणि पडदा लाल झाला. लाल ढीग, लाल गोण्या, लाल मूठ. खाली सरकवावं तर लाल, आणखी खाली तर आणखी लाल. साडेआठ हजार व्हिडिओ, सगळे मिरचीचे.

तिचे वडील बशीरभाई मिरचीचे व्यापारी. वाळलेली मिरची हातात घेऊन हलवली की आतलं बी वाजतं. ओली वाजत नाही. सुरतेचे शेठ माल डोळ्यांनी घ्यायचे नाहीत, कानांनी घ्यायचे. म्हणून बशीरभाई प्रत्येक ढिगातली मूठ फोनजवळ नेऊन खुळखुळवायचे, व्हिडिओ काढून पाठवायचे. तीन वर्षांपूर्वी त्यांचा हा फोन आणला तेव्हा फोनने आयडी मागितला. बशीरभाई म्हणाले होते, "तुन्हाच टाक बेटा. माले कोण मेल करी?" तिने टाकला. अम्मीच्या फोनलाही तोच. एका माठाचं पाणी घरभर प्यावं, तसा एक आयडी घरभर. आणि अब्बांचा प्रत्येक व्हिडिओ आपोआप तिच्याच खात्यात साठत गेला.

फरजानाचा अंगठा 'सगळे काढा'वर गेला आणि थांबला. मागच्या मोसमात एक शेठ 'माल ओला होता' म्हणून फिरला, तेव्हा याच व्हिडिओंनी अब्बांचा शब्द राखला होता. तिने अब्बांना फोन लावला. उचलला नाही. सहाव्यांदाही नाही. तेव्हा तिने ओढणी नाकावर घट्ट आवळली आणि रिक्षा केली.

गावाबाहेर मैदानभर अंथरलेल्या पथारीवर मिरची वाळत होती. पुढे लाल, मागे लाल, मधून पायवाट. उन्हाने मिरची वाळावी आणि मिरचीने ऊन तिखट व्हावं, असा तिसरा प्रहर. बाया मिरची निवडत ओळीने बसलेल्या. बशीरभाई उकिडवे बसून कानाशी मूठ हलवत होते, दुसऱ्या हातात फोन.

"अब्बा, ते बंद करा."

"थांब, आवाज येई ऱ्हायना..."

"बंद करा म्हणते ना!"

फरजाना शाळेतली मराठी बोलू लागली की बशीरभाई सावध व्हायचे. एरवी ती घरात त्यांच्यासारखंच बोलायची. त्यांनी मूठ ढिगावर सोडली.

तिने एका दमात सगळं सांगितलं. नाशिक, पाच वाजता, पुढचं नाव. मग त्यांच्याच फोनवर जागा संपल्याची तीच सूचना लाल खुणेसकट दाखवली. "हे कधीपासून येतंय?"

"ते तं महिनाभरपाईन येस. माले वाटनं जाहिरात शे. मी लोटी देस."

"महिनाभर! एकदा तरी विचारायचं मला. सगळ्या गावाचे फोन मी बघते, आणि माझ्याच घरात..." ठसका लागला. तिने तो गिळला. "आयडी माझा, नाव माझं, आणि त्यात माझ्या एका कागदाला जागा नाही! गोदाम करून टाकलं तुम्ही माझ्या नावाचं."

निवडणाऱ्या कौसाबाईने मान वर केली. "बशीरभाई, पोर मिरचीपेक्षा तिखट शे तुमनी."

"तू निवड, कौसाबाई."

"निवडस ना. पन घड्याळ बी दखा जरा."

चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

"काढी टाकस," बशीरभाई म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला आणि एकेक व्हिडिओ उघडू लागले. "हाऊ जालमसिंगना वावरना माल. हाऊ ऱ्हाऊ दे. हाऊ... हाई बी चांगली वाजस, ऐक..."

"अब्बा, साडेआठ हजार आहेत! एकेक काढाल तर महिनाभराचे अडकलेले लगेच त्या जागी येऊन बसतील."

"मंग? मन्ही तीन वर्सनी जबान शे ती. उद्या कोणी उलटना तं काय दखाडू?"

"आणि मी उद्या काय दाखवू? तुमची मिरची?"

बाया निवडायच्या थांबल्या. बशीरभाईंनी लेकीकडे पाहिलं. तिचे डोळे लाल होते, आणि मिरचीच्या पथारीवर ते कशाने लाल झाले हे कुणी विचारत नाही. त्यांनी फोन तिच्या हातात ठेवला.

"काढ. बठ्ठं काढ."

तिने सगळं निवडलं, सगळं काढलं. मग कचऱ्याची टोपलीही रिकामी केली, कारण टोपलीत असेतो जागा सुटत नाही. चार चाळीस. मेल तसाच. चार सेहेचाळीस. तिने आपल्या फोनवर मेल पुन्हा उघडला, पुन्हा 'पाठवा' दाबलं. फिरकी फिरत राहिली. फिरता फिरता नाहीशी झाली.

'पाठवला.'

पाच वाजायला दोन मिनिटं असताना उत्तर आलं. 'कागद मिळाले. सोमवारी दहाला हजर राहावे.' फरजानाने ते दोनदा वाचलं. हसली नाही. अब्बांचा फोन पुन्हा हातात घेतला, त्यातून आपला आयडी काढून टाकला आणि नवा उघडला.

"नाव काय टाकू?"

"तुन्हंच..." बशीरभाई अर्ध्यावर थांबले. "बशीर टाक."

तेवढ्यात त्याच फोनवर सुरतेच्या शेठचा फोन आला. परवाच्या मालाचा व्हिडिओ त्यांना पुन्हा हवा होता. बशीरभाईंनी फोन कानाला लावला आणि क्षणभर दुसऱ्या, रिकाम्या हाताकडे पाहिलं. "वीडियो नहीं है सेठ," ते म्हणाले. "आके सुन लो." आणि ठेवून दिला.

मग लेकीच्या ओढणीवर बसलेलं मिरचीचं बी त्यांनी बोटाने झटकलं.

"राग गया का बेटा?"

"अजून नही गया," ती म्हणाली आणि रिक्षाच्या दिशेने चालू लागली. "घर चला. अम्मीना फोनमा बी मन्हाच आयडी शे."