आतून कल्हई

जगात खरा न्याय एकाच दरबारात मिळतो: आमच्या तुर्कस्तानातल्या सिवासच्या डोंगरातल्या गरम कुंडात, माशांपुढे. गरीब-श्रीमंत ते बघत नाहीत. अंगावर कातडीचे खवले दिसले की कुरतडायला लागतात. अर्थात त्या पाण्यात खायला दुसरं काही नसतं म्हणून. पण न्याय तो न्यायच.

आमचा कल्हईवाला सेबाहत्तिन उस्ताद सोरायसिस घेऊन रोज या दरबारात गळ्यापर्यंत बुडून बसायचा. नातीचं लग्न तोंडावर आलं होतं, आणि नाचणाऱ्यांच्या रांगेच्या पुढे रुमाल फडकवत नाचायचा मान आजोबाचा. आता बाह्या दुमडून नाचणार, असं तो अख्ख्या चहाखान्याला सांगून बसला होता.

कुंडावरच्या डॉक्टर त्युलिनबाईंनी त्याच्या नितळ झालेल्या दंडाला पट्टा बांधला.

"काका, एकशे नव्वद! नाचायचं नाव काढू नका."

"मी कातडी दाखवायला आलो, पोरी. रक्तदाब कुणी विचारला?"

"दोघं एकाच घरचे, काका. सोरायसिसची आग नुसती कातडीवर नसते, आतल्या रक्तवाहिन्यांनाही धग लागते. अशांना दाब जास्त आढळतो. रोज गोळी घ्यायची, मीठ कमी. आणि ते लोणच्याचं खारं पाणी पेलाभर ढोसता ना, ते बंद."

"एकाच घरचे ना? मग मासे त्यालाही खातील."

दुसऱ्या दिवसापासून हा थोर संशोधक दुप्पट वेळ पाण्यात. मासे कंटाळले, हा नाही. शेवटी बाहेर येताना भोवळ आली आणि उस्ताद पायरीवरच बसला.

बायको नाझमियेनं आधी त्याला पाणी पाजलं, मग काठावरच्या त्याच्या सदऱ्याच्या खिशातला नाचाचा रुमाल काढून स्वतःच्या कमरेला खोचला.

"काय रे उस्ताद, लोकांच्या भांड्यांना कल्हई कुठून करतोस?"

"आतून. हा काय प्रश्न झाला?"

"का? बाहेरून घासून चकचकीत केलं की भागत नाही?"

"वेडी का तू? आतलं तांबं उघडं राहिलं तर जेवणारा मरेल!"

"मग?"

उस्तादानं आपल्या नितळ कोपराकडे बघितलं. माशांनीही या खटल्यातून अंग काढून घेतलं होतं.

"आण ती गोळी," तो म्हणाला. "पण दाब उतरला की रुमाल परत द्यायचा."

"डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या की देते."

अख्ख्या कुंडानं टाळ्या वाजवल्या. उस्तादानं गोळी जिभेवर ठेवली, डोळे मिटले, आणि केविलवाण्या आवाजात म्हणाला,

"नाझमिये, घशात अडकतेय गं. काकडीच्या लोणच्याचं पाणी दे ना, घोटभर."