कोणत्या काळाची मूठ?

घाबरू नका, मित्रांनो. मी एक जुने लष्करी पिस्तूल आहे खरे, पण माझ्या नळीत शिसे ओतून मला केव्हाच मुके केले आहे. कर्वेनगरातल्या एका घरात, काचेच्या कपाटात माझा मुक्काम असतो. बाहेरून मी शांत दिसते. आतून मात्र परवापर्यंत माझ्या जिवाला चैन नव्हते.

माझा जन्म परदेशातला, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीतला. पोलाद तासून मला घडवले आणि मुठीच्या दोन्ही बाजूंना अक्रोडाच्या लाकडाच्या पट्ट्या बसवल्या. पुढे मी भारतात आले. इथल्या पावसाचिखलात ते लाकूड फुगले, तडकले. मग लष्करी कार्यशाळेत त्याच्या जागी साध्या, खरखरीत, काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या आल्या. एकाहत्तरच्या युद्धात त्याच पट्ट्यांनिशी मी कॅप्टन दिगंबररावांच्या कमरेला होते. खरे सांगते, त्यांनी माझ्यातून एकही गोळी झाडली नाही. वादळात हातोडी सापडेना, तेव्हा तंबूची खुंटी मात्र माझ्या मुठीने ठोकली. डाव्या पट्टीचा कोपरा उडाला.

निवृत्तीच्या वेळी पलटणीने मला मुके करून त्यांना भेट दिले. ते मला रोज तेलाच्या फडक्याने पुसत. त्यांच्या पंच्याहत्तरीला त्यांच्या मुलाने, आनंदने, हौसेने जुन्या पट्ट्या भंगारात टाकल्या आणि मोर कोरलेल्या पांढऱ्या, चकचकीत पट्ट्या लावल्या. पाहुण्यांनी वाहवा केली. दिगंबरराव एवढेच म्हणाले, "छान. आता वरातीत मिरवायला हरकत नाही." त्यानंतर त्यांनी मला कधी हात लावला नाही.

आता मला एका छोट्या युद्धसंग्रहालयात द्यायचे ठरले. आनंदची मुलगी स्वराली मात्र अडून बसली. "आबांनी एकदा तरी हे आपलं म्हणून हातात घ्यावं. मगच द्यायचं."

तिने शनिवार पेठेतून सौमित्रला बोलावले. तो जुन्या हत्यारांच्या मुठी दुरुस्त करतो. त्याने दोन जोड आणले, एक अक्रोडाचा, एक काळा.

"अक्रोडाच्याच लावू," सौमित्र म्हणाला. "मूळच्या त्याच."

"बाळपणीचं अंगडं म्हातारपणी घालतं का कुणी?" स्वराली म्हणाली.

"आणि ह्या काळ्या? टीव्हीचा रिमोट दिसेल अगदी."

मित्रांनो, मी आतून तळमळत होते. उत्तर मला ठाऊक होते आणि तोंड शिशाने बंद होते.

"आबा, तुम्हीच सांगा ना," स्वराली म्हणाली.

"मला कशाला विचारता? तुमची हौस, तुमचं संग्रहालय." दिगंबररावांनी वर्तमानपत्र उलटले.

स्वरालीने मोराच्या पट्ट्या काढल्या, काळ्या पट्ट्या स्क्रूने आवळल्या आणि मला त्यांच्या वर्तमानपत्रावरच ठेवले. मग त्यांची बोटे माझ्याभोवती वळली. पकड तीच होती. अंगठा डाव्या पट्टीच्या खालच्या टोकाशी गेला आणि चाचपडत थांबला.

"इथला कोपरा कुठंय?"

"होता का तसा?" सौमित्रने लगेच कानस काढली. "उडवून देतो, काका. दोन मिनिटांचं काम."

"राहू दे. त्या वेळी तंबू उडून चालला होता, आत दोन जखमी पोरं होती. ते तुझ्या कानशीत कुठून यायचं?" मग ते स्वरालीला म्हणाले, "बस इथं. सांगतो."

चहा निवून गेला तरी ते सांगत होते. आनंदही दारात उभा राहून ऐकत होता. शेवटी हळूच म्हणाला, "बाबा, मला हे कधी सांगितलं नाहीत."

"तू पट्ट्या बदलायच्या आधी विचारलं असतंस, तर बोललो असतो."

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू जरूर सांभाळा, पुसा, दुरुस्त करा. पण तिला नटवण्याआधी, ज्या हाताने ती वापरली त्या हाताजवळ घटकाभर बसा. उद्या मी संग्रहालयात जाणार आहे. दिगंबरराव म्हणतात, न्यायला कुणी येऊ नका, मी स्वतः घेऊन जाईन.