काडीच्या टोकाचा उजेड

दादा कारखान्यात ज्या काड्या बनवायचा, त्या काचेच्या असत, केसाहून जराशा जाड. टोकाला चिमटीतही येणार नाही एवढीशी पूड चिकटवलेली. काडीतून जांभळा उजेड सोडला की पूड तांबडी चमकते आणि विझते. गार जागी रेंगाळत विझते, गरम जागी झटकन. विझायला किती वेळ लागला ते यंत्र मोजतं आणि तिथे किती तापलंय ते आकड्यात दाखवतं. त्याचा जन्म या कामात गेला. पण काडी कुणाच्या अंगात शिरते, याचा विचार त्याने धाकट्या बहिणीच्या काखेत गाठ निघेपर्यंत कधी केला नव्हता.

औषधं देऊन झाली. आता गाठ लहरींनी तापवायची आणि मग तिच्यावर किरण सोडायचे, एवढाच उपाय उरला होता. त्या लहरींत धातूची तार स्वतःच तापते, म्हणून गाठीत काचेची काडी घालायची. ती दादाच्याच हातची निघाली.

"लहानपणी चिमटे काढायचास, त्याने पोट भरलं नाही वाटतं?" काडी आत जाताना बहीण म्हणाली.

"गप पडून राहा, चिमणे. हललीस तर परत टोचतील."

गाठ त्रेचाळीस अंशांपर्यंत तापायला हवी होती. आकडा एक्केचाळीसवर गेला आणि तिथेच बसला. दुसऱ्या खेपेलाही तेच. वरची कातडी मात्र लाल होऊन फुगली.

डॉक्टरीणबाईंनी दादाला बाहेर बोलावलं. "गाठीला लागून मोठी रक्तवाहिनी आहे. तीच उष्णता वाहून नेत असेल. आणखी तापवलं तर कातडी भाजेल. तसं असेल तर आपण थांबू. पण काडीच कमी दाखवत असेल, तर गाठ नीट तापतेय आणि उपचार चालू ठेवता येईल. तपासून सांगाल?"

आपल्या कामात खोट निघावी, असं दादाला उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं. काडी घेऊन तो कारखान्यात गेला. पाण्याच्या टाकीत तिच्या शेजारी भरवशाचा तापमापक सोडला आणि पाणी हळूहळू तापवत नेलं. दोन्ही आकडे हातात हात घालून चढले. पूड निसटली असेल म्हणून त्याने भिंगाखाली टोक पाहिलं. पूड जागच्या जागी होती. पाणी बदलून त्याने पुन्हा तापवलं.

"अहो, झाली की तपासून!" शेजारचा जोडीदार म्हणाला. "आता काय वितळेपर्यंत उकळणार?"

दादाने काडीचा जांभळा दिवा बंद केला.

डॉक्टरीणबाईंना त्याने दारातच सांगितलं, "काडी बरोबर आहे." त्या नुसत्या मान हलवून खुर्चीत बसल्या.

बहीण खाटेवर बसली होती. एक बाही अंगात होती, दुसरी लोंबत होती. तो हात तिला वर करता येत नसे.

"निघाली का खोट?"

"नाही गं."

"जरासुद्धा नाही?"

"नाही. आता तापवणं बंद म्हणाल्या."

ती त्याच्याकडे वळली. "बरोबर निघाली तरी बिघडलीय म्हणून सांगायचंस रे दादा. कोण येणार होतं तपासायला?"

"फुकट भाजलं असतं तुला."

"भाजू दे की! माझंच अंग होतं ना?" तिचा आवाज चिरला. "निदान रोज यायला तरी मिळालं असतं. काहीतरी चाललंय असं वाटलं असतं."

 लोंबती बाही तोंडाशी उघडी धरून दादा खाटेशी उभा राहिला. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. बाहेर कुणीतरी ढकलगाडी नेत होतं, तिची चाकं करकरत लांब गेली.

मग तिकडेच बघत तिने तो दुखरा हात मागे केला, जेमतेम बाहीपर्यंत पोचेल इतकाच. दादाने बाही हळूच वर चढवली.