वारा पडेपर्यंत

थोरलीवर रागवायला लोकांना तिची ओळख लागत नसे. विभागीय हवामान कार्यालयात ती येत्या पाच दिवसांचा अंदाज तयार करायची आणि दुपारच्या बातम्या संपल्या की रेडिओवर स्वतःच वाचून दाखवायची. पाऊस आला तर लोक तिला शिव्या घालत, नाही आला तरी घालत. त्यात वसंतातले दिवस सगळ्यात लबाड. सकाळी असं ऊन पडायचं की माणसाने स्वेटर काढून खुंटीला लावावा, आणि जेवणं होतात न होतात तोच वारा सुटून दोरीवरचे कपडे शेजाऱ्याच्या दारात नेऊन टाकायचा.

घरात मात्र तिचं एक जुनं, हक्काचं गिऱ्हाईक होतं. तिचे वडील रंगारी. बाहेरच्या भिंती, खिडक्या, फाटकं रंगवण्यात त्यांचा जन्म गेला, आणि रंगाऱ्याला हवामानाशी संसार करावाच लागतो. थोरली नोकरीला लागली त्या वर्षी तिने कोरडं राहील म्हणून सांगितलं आणि एका शाळेची ताजी रंगवलेली भिंत पावसाने धुऊन नेली. तेव्हापासून शिडीवर चढताना ते सोबतच्यांना सांगायचे, "थोरली ऊन म्हणाली आहे, छत्र्या घ्या!" तोंडाने चिडवायचे, पण तिला विचारल्याशिवाय डब्याचं झाकण कधी उघडलं नाही.

या हिवाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. फुप्फुसांनी साथ सोडली होती. पलंगावरून मोरीपर्यंत जायचं तरी मध्ये भिंतीला टेकून उभं राहावं लागे. "किती दिवस, ते काही सांगता येत नाही," असं डॉक्टर दारात चपला घालता घालता म्हणाले. थोरलीला ही भाषा चांगली कळत होती. माहीत असूनही सांगणं जिवावर येतं, तेव्हा तीही असंच मोघम बोलायची. पण तिने पुढे काही विचारलं नाही. अख्ख्या विभागाला पुढचं सांगणारी बाई, पण घरातलं ऐकायची तिची तयारी नव्हती.

बाबांची इच्छा एकच होती. दर वसंतात ते घराचं लोखंडी फाटक हिरवं रंगवायचे. रंगाऱ्याच्या दारात गंज म्हणजे नाक कापल्यासारखं, असं त्यांचं म्हणणं. "फाटकापाशी खुर्ची टाका," ते म्हणाले. "वरचं थोरली रंगवेल, खालचं मी बसल्या बसल्या करीन. एवढं एकदा होऊ दे."

रविवारी हवा शांत होती. थोरलीने पॉलिश पेपरने गंज घासून काढला आणि अस्तराचा हात मारला. ते वाळायला रात्र जायला हवी होती. बाबा खिडकीतून सूचना देत होते, मध्ये मध्ये धाप लागून थांबत होते, आणि बऱ्याच दिवसांनी खुशीत होते.

सोमवारी सकाळी त्यांनी विचारलं, "काय थोरले, आज काय म्हणतंय तुमचं खातं?"

"ऊन आहे, पण वारा सुटेल बाबा. उद्याही आहे, परवाही. गुरुवारी पडेल. मग निरभ्र आणि कोरडं."

"नक्की?"

"या वेळी नक्की."

"मग गुरुवारी," बाबा म्हणाले. "वाऱ्यात तेलरंग लावणारा गाढव. सगळी धूळ येऊन चिकटते. नुसतं बोट फिरवलं तरी खरखर लागते."

आई औषध घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "चिकटू दे की धूळ. फाटकच आहे, देवघर नाही. आत्ता ऊन आहे. गोधडीत गुंडाळून बसवते तुम्हाला. दोन फटकारे मारा आणि या आत."

"तुला नाही कळायचं," बाबा म्हणाले.

"आई, तीन दिवसांचा तर प्रश्न आहे," थोरली म्हणाली. "आणि हा वारा त्यांच्या छातीला बरा नाही."

बापलेक एकदा एका बाजूला झाले की त्या घरात तिसऱ्याचं काही चालत नसे. आईने चमचा बशीत जरा जोरातच ठेवला आणि ती आत गेली.

मंगळवारी वाऱ्याने रस्त्यावरची माती गच्चीपर्यंत उडवली. बाबांना उशांना टेकवून बसवलं होतं. खिडकीच्या काचेवर धूळ आपटताना बघून ते म्हणाले, "बघ, तुझ्या लेकीचं ऐकलं ते बरं झालं." आईने पेजेची वाटी पुढे केली. त्या दिवशी त्यांनी पेजेचे दोनच घोट घेतले.

बुधवारी दुपारी थोरलीने अंदाज वाचला. उद्या आकाश निरभ्र राहील, हवा कोरडी राहील, वाऱ्याचा जोर ओसरेल. वाचताना तिचा आवाज रोजच्यापेक्षा मोकळा लागला, कारण हे ती एकाच माणसासाठी वाचत होती आणि तो माणूस उशीपाशी रेडिओ ठेवून ऐकत होता, हे तिला माहीत होतं. घरी जाताना तिने दुकानातून नवा ब्रश घेतला. बाबांच्या हातात आता जोर नव्हता, म्हणून लहान आणि हलका.

फाटकापाशी शेजारची शिंपीणबाई उभी होती. तिचा चेहरा पाहिला आणि थोरलीला सगळं कळलं. तरीही तिने फाटकाची कडी नेहमीसारखी लावून घेतली.

"तुझं ऐकलं रेडिओवर," आई नंतर सांगत होती. तिचा आवाज अगदी कोरडा होता. "म्हणाले, ऐकलंस ना, थोरलीने सांगितलंय. मला डबा उघडायला लावला. म्हणाले, आजच ढवळून ठेव, खाली रंग बसलाय. मी खाली बसून ढवळत होते. म्हणाले, अजून जरा. मी ढवळत राहिले. मग म्हटलं, झालं का? तर काही बोलेनात."

गुरुवार अंदाजाबरहुकूम उजाडला. आकाशात नावाला ढग नव्हता, झाडाचं पान हलत नव्हतं. जो येई तो म्हणे, दिवस मात्र चांगला मिळाला. कार्यालयातल्या साहेबांचा फोन आला. भला माणूस, त्याला काय बोलावं ते सुचेना. धीर वगैरे देऊन झाल्यावर तो सवयीने म्हणाला, "अंदाज अगदी तंतोतंत आला हो तुमचा." पुढच्या क्षणी त्याने जीभ चावली असणार. थोरली "हो साहेब" म्हणाली आणि फोन ठेवून भिंतीकडे तोंड करून रडली. आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं, आपण चुकलो असतो तर किती बरं झालं असतं. सोमवारी चुकलो असतो, निदान "सांगता येत नाही" म्हणालो असतो, तर ते त्याच दिवशी बाहेर येऊन बसले असते.

सगळं उरकून माणसं पांगली. उन्हं कलायला वेळ होता. आईने खुर्ची उचलली, फाटकापाशी नेऊन ठेवली आणि आतून रंगाचा डबा आणला.

"आज गुरुवार ना?" ती म्हणाली. "मग लाव."

"आई, आज नको."

"गुरुवारी लावायचा ठरला होता. लाव."

थोरलीने डबा उघडला. रंगाला साय धरू नये म्हणून आईने वर कागद दाबून ठेवला होता. बाबाच असं ठेवायचे. तिने नवा ब्रश बुडवला आणि वरपासून सुरुवात केली. खालचा भाग आला तेव्हा ती रिकाम्या खुर्चीशेजारी मातीत बसली. रंग सुरेख बसत होता. वारा नव्हता, धूळ नव्हती, एक कणही कुठे चिकटला नाही. बाबांनी बोट फिरवून बघितलं असतं, तरी नाव ठेवायला जागा मिळाली नसती.

आई मागे उभी राहून बघत होती. मग ती खाली वाकली, पायाशी पडलेली मूठभर माती उचलली आणि ओल्या रंगावर तळहाताने चोळली.

"असं झालं असतं," ती म्हणाली. "सोमवारी लावला असता तर एवढंच झालं असतं."

हिरव्या रंगावर हाताएवढा खरखरीत डाग उठला होता. थोरली त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने ब्रश खाली ठेवला आणि आईचा हिरवा, मातकट हात आपल्या हातात घेतला. त्या जागेवरून तिने पुन्हा रंग फिरवला नाही.