आत कोण, वर कोण

दादाच्या केबिनचं दार मी न ठोठावताच उघडलं. त्याला ते खपत नाही. मोठा भाऊ, त्यात प्राध्यापक. आधीच मर्कट, तशातही मद्य प्याला.

"आपलं प्रमेय चुकलंय," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या विद्यापीठात माझी मुलाखत होती. वर्षानुवर्षं कंत्राटावर शिकवल्यानंतर कायमची नोकरी पहिल्यांदाच हाताशी आली होती आणि ती या एका प्रमेयावर उभी होती. अर्धं दादाने सिद्ध केलेलं, अर्धं मी; छापलेला लेख दोघांच्या नावावर.

आमचा धंदा बंडलांचा. "कापडाची का गं?" असं वहिनी अजूनही विचारते. आमची बंडलं गणितातली, वक्रावर बसतात आणि वक्र सांत क्षेत्रावर, म्हणजे मोजक्याच संख्यांच्या जगात असतो, म्हणून ती मोजता तरी येतात. दोन बंडलं जोडून तिसरं किती तऱ्हांनी घडतं ते मोजायचं आणि त्या मोजणीवरूनच गुणाकार ठरवायचा. जोडताना एक आत जातं, दुसरं वर राहतं. हा क्रम उलटला की उत्तर बदलतं आणि नेमकी तिथेच आम्ही माती खाल्ली होती. आतलं बंडल दादा डावीकडे लिहीत होता, मी उजवीकडे. पडताळणी मात्र सारख्या डिग्रीच्या, म्हणजे सारख्याच पिळाच्या बंडलांवर केलेली. तिथे दोन्हीकडून आकडा एकच येतो, त्यामुळे चूक दिसलीच नाही.

"नीट पाहिलंस?" दादाने विचारलं.

"पाहिलं. शेवटचं समीकरण जुळत नाही."

तो उठला. फळ्यावर दोन बंडलं लिहिली, एकाखाली डिग्री शून्य, दुसऱ्याखाली एक. आधी पहिलं आत घालून मोजलं, मग दुसरं. आकडे वेगळे आले.

"खरंच की," तो म्हणाला. "पण चिमणे, आज कोणाला सांगू नकोस. उद्याचं पार पडू दे, मग शांतपणे लेख मागे घेऊ. झाकली मूठ सव्वा लाखाची."

खोटं कशाला बोलू, मला ते पटलं. मी मान डोलावणारच होते, तेवढ्यात पुन्हा फळ्याकडे लक्ष गेलं.

"दादा, चूक कुठे आहे ते मी सांगितलंच नव्हतं."

आकडे पुसायला घेतलेलं डस्टर त्याने खाली ठेवलं.

"तुला मुलाखतीचं बोलावणं आलं ना, त्याच आठवड्यात लक्षात आलं," तो म्हणाला. "सांगितलं असतं तर तुझी झोप उडाली असती. आणि तुला खोटं कुठे बोलता येतं? तिथे चेहऱ्यावर दिसलं असतं."

"म्हणून मला अंधारात ठेवलंस?"

"मग मुलाखतीत दाखवायला दुसरं काय आहे तुझ्याकडे?"

हे लागलं. त्याची माया मला दिसत होती आणि तिचाच राग येत होता. प्रमेय अर्धं माझं, तर चूकही अर्धी माझीच. तिचं काय करायचं हे त्याने मला न विचारता ठरवलं होतं, लहान बहिणीला औषध साखरेत घालून द्यावं तसं.

मी त्याच्याच संगणकावर बसून निवड समितीला दोन ओळी लिहिल्या: मुख्य प्रमेय चुकीचं आहे, ते माझ्या कामात धरू नये.

"नोकरी जाईल, चिमणे."

"जाईल."

ईमेल पाठवली. मग त्याच्याकडे वळून म्हणाले, "आणि यापुढे आपण दोघांनी मिळून काही लिहायचं नाही."

माझी नोकरी जाण्याचा विचार त्याने केला होता. याचा केला नव्हता.