भैय्यालालचा तवा

आधीच सांगून ठेवतो, मले पस्तावा नाई. ऐकून झाल्यावर तुमी म्हणसाल का इश्वर मिस्त्री, हे काही बरं नाई केलं तुमी. म्हणा ना बाप्पा, माझं काय जाते!

मी पॉलिशवाला. मोहाडीत राहतो. सागवानाची दारं, दिवाण, देव्हारे, सारं पॉलिश करतो, पस्तीस वर्षं झाली. माझा बाप भैय्यालाल, बँडपार्टीत क्लॅरनेट वाजवे. विशीत असतानी तो तुमसरकडं एका खाणीवर गोऱ्या मॅनेजरच्या बंगल्यात कामाले होता. रोज संध्याकाळी साहेबाच्या फोनोले चावी द्याची अन् तवे बदलाचे, हे त्याचं मुख्य काम. फोनो म्हणजे चावीचा ग्रामोफोन, अन् तवा म्हणजे ती जुनी, जड, काळी तबकडी. साहेब आपल्या मुलखात गेला तं फोनो अन् अठ्ठावीस तवे बापाले देऊन गेला. सारे जॅझचे.

त्यातला एक तवा बापाचा जीव. त्यात क्लॅरनेट असं हसे, असं रडे, का काय सांगू! बापानं त्यातल्या ताना उचलल्या अन् वरातीत घुसवल्या. बाजारातून वरात चालली का चालू गाणं मधीच सोडून हा आपली अमेरिकेची तान मारे. बँडमास्तर डोळे वटारे, पण नाचणारे पिसाळून जात.

"हा काळ्या लोकायचा बँड होय," बाबा सांगे. "आपल्यासारखेच रस्त्यानं वाजवत जातात. लग्नात वाजवतात, तसे मयतीतही वाजवतात. मले नेसान तेव्हा हाच तवा लावजा."

एक डाव माझ्या मायच्या, उषाबाईच्या, हातून तो पडला. काठाले चीर गेली. माय रडाले लागली. बाबानं माझ्या सामानातली चपडा लाख घेतली, दिव्यावर पातळ केली, चिरेवर थापली अन् वरून आंगठा दाबला. आंगठा पोळला, पण सोडला नाई. "तवा लाखेचा, हे पण लाख," म्हणे. "जात एकच. बसून जाते." बसली! तेव्हापासून दर फेऱ्याले सुई 'टक्' करे, अन् काठावरच्या तांबूस लाखेत बाबाच्या आंगठ्याची रेघ न् रेघ दिसे.

अन् मंग भूपेंद्र आला. भंडाऱ्याचा, राइस मिलवाल्या घरचा. पेढ्याचा डबा घेऊन आला, बाबाच्या पायाशी बसला, दोन घंटे ऐकलं, वा काका, वा काका केलं. आमच्या घरी असं बसून कोणी ऐकलं नवतं, बाबा पार विरघळून गेला. "दोन दिवसासाठी द्या काका," तो म्हणे, "नागपूरच्या मशीनवर उतरवून घेतो, परवा आणून देतो." बाबानं अठ्ठावीसचे अठ्ठावीस तवे आपल्या हातानं त्याच्या गाडीत ठेवले. फोनो तेवढा राहिला.

परवा काही आला नाई. सहा महिने झाले, बाबानं खाट धरली. मी तीन डाव भंडाऱ्याले गेलो. दोन डाव गेटवरूनच परत. तिसऱ्या डावी भूपेंद्र गाडीत बसता बसता बोलला, माझ्याकडं न पाहता, "काकांनी मले भेट दिले ते." काच वर केली अन् गेला. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या, पण करतो काय? लिहून थोडीच घेतलं होतं!

बाबा रोज विचारे, "आला का बे तवा?" मी म्हणो, "येऊन राहिला."

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी बाबा गेला. बाहेर लेकरं लाकडी नंदी घेऊन फिरून राहिले होते, अन् मी रिकाम्या फोनोपाशी बसलो होतो. बँडवाले म्हणे, आमी वाजवतो. मी नाई म्हटलं. ज्यानं एकच चीज मागितली त्याले दुसरी काहून द्याची? जिंदगीभर दुसऱ्यायच्या दारात वाजवणारा माणूस, अन् त्याले गुपचूप नेलं. हे मी विसरलो नाई. सतरा वर्षांत एक दिवस नाई.

मंग औंदा केशवराव सुताराचा फोन आला. "इश्वर, भंडाऱ्याले एक भितभर सागवानी कपाट बनवलं, पॉलिश तुह्याच हातचं पायजे." गेलो. पाटीवर नाव वाचलं. भूपेंद्र!

त्यानं मले वळखलं नाई. वळखन कसा? त्यानं तेव्हाही तव्यायकडंच पाहिलं होतं, आमच्याकडं कुठं? आता साहेबाचं पोट सुटलेलं, भितीवर पेपरातले फोटो लावलेले: दुर्मीळ जॅझचे संग्राहक. अन् टेबलावर, काचेच्या पेटीत, मखमलीवर, माझ्या बाबाचा तवा. खाली चिठ्ठी: एका इंग्रज घराण्याकडून प्राप्त.

इंग्रज घराणं म्हणे! मी पॉलिश पेपर घासत राहिलो. उचलून नेता आला असता, पण मंग चोर मीच ठरलो असतो.

आठ दिवस काम चाललं. रविवारी नागपूर-पुण्याचे शौकीन ऐकाले येणार होते, पाहुण्यायपुढं पहिल्यांदाच तो तवा लागणार होता. शुक्रवारी मी हात पुसले अन् म्हटलं, "साहेब, तो पेटीतला तवा एक डाव ऐकवान का?"

खरं सांगतो. ऐकवला असता तं मी सारं सोडून दिलं असतं. बाबाच्या नावानं हात जोडले असते अन् घरी आलो असतो.

तो हसला. "मिस्त्री, हे तुझ्या कामाचं नाई. दर वेळेस सुई लागली का तवा झिजते. रस्त्यावरच्या माणसासाठी झिजवू का?"

"हाव, बरोबर आहे," मी म्हटलं.

शनिवारी कपाट झालं. भूपेंद्र तवे काढून मांडाले बसला तं साऱ्यायवर पांढरी बुरशी. बंद खोली, ओल, अन् पुसणारा माणूस सुट्टीवर. साहेबानं स्वतःच्या हातानं कधी एक तवा पुसला नवता. त्याची नजर माझ्या शिशीवर गेली.

"ते स्पिरिट आहे ना? आमच्या एलपी त्यानंच साफ करतात. दे इकडं."

आता आयका. एलपी म्हणजे नंतर आलेली तबकडी, प्लास्टिकची. तिले स्पिरिट लावलं तं काही होत नाई. पण हे जुने तवे लाखेचे, अन् मी पस्तीस वर्षं करतो काय? लाख स्पिरिटमध्ये विरघळवतो, त्यालेच पॉलिश म्हणतात! पेपरात फोटो आले, पण तवा कशाचा असते हे त्या माणसानं कधी कोणाले विचारलं नाई. त्यानं मागितलं, मी शिशी दिली. वरून कापसाचा मोठा बोळाही करून दिला.

पहिला तवा पुसला. ओला असतानी काय चमकला! साहेब खूश. दुसरा, तिसरा, दहावा. बोळा काळा होत गेला, साहेब म्हणे, "पाह्य किती मळ होता." मी म्हटलं, "हाव, जुना मळ आहे."

शेवटी पेटी उघडली. बाबाचा तवा त्याच्या हातात. मी उभा झालो. माझा हात आपोआप पुढं गेला, तोंड उघडलं, थांबा म्हणाले. तेवढ्यात त्यानं काठावरची तांबूस लाख पाहिली अन् तोंड वाकडं केलं. "कोण्या गावंढळानं काय थापलं याच्यावर! घाण करून ठेवली."

मी हात मागं घेतला अन् त्याले नवा बोळा दिला, चांगला भिजवून.

त्यानं जोर लावून घासलं. आंगठा गेला. रेघ न् रेघ गेली.

मंग वाळल्यावर त्यानं मोठ्या ऐटीत तवा मशीनवर ठेवला. आता मले ऐकवाले तयार होता तो! सुई टेकली. खर्रर्र... नुसती खर्रर्र. सुई चिकटे, घसरे. दुसरा लावला, तिसरा लावला. तेच.

"काय झालं हे? मिस्त्री, काय झालं?"

"लाख आहे साहेब. विरघळली."

"तुले माहीत होतं?"

"पॉलिशवाल्याले नाई तं कोणाले माहीत राहीन?"

"मंग सांगितलं काहून नाई?" तो किंचाळला.

"काल एक डाव ऐकवा म्हटलं होतं. ऐकवलं असतं तं सांगितलं असतं," मी म्हटलं. "मोहाडीच्या भैय्यालाल क्लॅरनेटवाल्याचा पोरगा आहे मी, भूपेंद्रभाऊ. ते थापलेलं दिसलं नं तुमाले, तो माझ्या बापाचा आंगठा होता."

आता त्यानं पाहिलं माझ्याकडं, सतरा वर्षांनी, नीट. खुर्चीत बसलाच धपकन. "उद्या पाहुणे येऊन राहिले रे," एवढंच बोलला.

"येऊ द्या नं. कपाट मस्त झालं आहे, कपाट दाखवा."

सामान आवरलं. शेवटचा बोळा, ज्यानं बाबाचा तवा पुसला होता, तो मी प्लास्टिकच्या पन्नीत बांधून पिशवीत टाकला. मजुरी घेतली नाई. बसमध्ये बसलो तं मनात म्हटलं, फिटलं. जोरानं हसावंसं वाटलं, अन् दोन बायका पाहत होत्या म्हणून हसलो नाई.

घरी येऊन बाबाच्या क्लॅरनेटची पेटी काढली. बोळ्यावर थोडं स्पिरिट टाकलं अन् झाकणावर फिरवला. दोन हात मारले. बायको, रेणू, चहा घेऊन आली. "कसली काळी चमक आली हो याले!" म्हणे. मी नखानं झाकणावर एक डाव टक् केलं. मंग वाकलो अन् पेटीले कान लावला.

"काय करून राहिले?" रेणूनं विचारलं.

"काही नाई," म्हटलं. "वाळलं का, ते पाहून राहिलो."